इंदूमावशींना दिलेली काळी पुडी

हे मी आजवर कुणाला बोललो नाही — बायकोलाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय बघा.

मी मूळचा लोणीचा. घोडेगावात एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही कार्बनच्या नॅनोट्यूब मागवल्या — केसाहून हजारो पटींनी बारीक नळ्या, दिसायला निव्वळ काजळी. त्या लावल्यावर टोमॅटोचं बी लवकर उगवतं का, ते बघायचं होतं. नियम काय? मास्क, हातमोजे, आणि वाऱ्यावर अजिबात उडू द्यायची नाही — फुप्फुसात रुतून बसायची भीती. हे पोरांना कोण शिकवायचं? मीच की राव!

एक दिवस बाटली माझ्याच हातून सुटली. झाकण उडालं, वर पंखा चालू. लई घाबरलो — प्राचार्यांना काय सांगू? झाडलोट करणाऱ्या इंदूमावशींना हाक मारली. म्हणालो, काजळी सांडलीय, भरून घ्या. त्यांनी कोरड्या झाडूनं गोळा केली, कागदात बांधली. मग विचारलं, "सर, वर्गात तुमी ह्यानं बी लवकर उगवतं म्हंता न्हवं? आमच्या नाचणीला लावू का?"

मावशी तळेघरच्या. तिकडं नाचणीच्या बियाण्याला राख चोळून ठेवतात आणि पेरायच्या आधी सुपात पाखडतात. मला हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं! पण पुडी कॉलेजाबाहेर गेली की आपण सुटलो — डोक्यात एवढंच. म्हणालो, "न्या की."

पाखडताना तोंडाला पदर तरी लावला असेल का हो त्यांनी?

वर्षभरात त्यांना खोकला लागला. मंचरला डॉक्टरांकडं मीच गाडीतून नेलं — भला माणूस ना मी! डॉक्टरांनी विचारलं, कधी कसली बारीक धूळ नाकातोंडात गेली होती का? मावशींनी माझ्याकडं बघितलं. शिकलेला मी. तोंड उघडलं, आणि — "चुलीचा धूर, डॉक्टर. दुसरं काय असणार?"

खोकला त्या पुडीचाच आहे? माहीत नाही. नसेलही. पण कळायची वाट मीच बुजवली. आता व्हरांड्यात त्या खोकल्या की वर्गात माझा खडू थांबतो.

त्या दिवशी मंचरहून परतताना मावशी म्हणाल्या, "सर, तुमी व्हता म्हनून बरं झालं. मला काय डॉक्टरला नीट सांगता आलं नसतं."

मी म्हणालो, "असू द्या, मावशी."