ओळखीची न्हाय

लक्ष्मीपुरीत रामलिंगचं भांड्यांचं दुकान होतं. माणूस सरळ, देवभोळा. पण धाकट्या लेकीचा विषय त्यानं चारचौघांत कधी काढला नाही. शांभवी बारा वर्षांची होती, समज मात्र तीन-चार वर्षांच्या पोरीएवढी. घरी पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत बसवायचे.

गल्लीतल्या पारूबाई दर रविवारी अशा मुलांना आणि त्यांच्या आयांना रंकाळ्याच्या बागेत नेत. त्यांचा मुलगा प्रसेनजीतही तसाच. चेंडू, झोपाळे, गाणी. आयांनाही दोन घटका मोकळं बोलता यायचं. वर्षभर त्या शांभवीलाही पाठवा म्हणत होत्या आणि रामलिंग "बघू की" म्हणून टाळत होता. १९९८ची दिवाळी झाली आणि थोरल्या शिवांजलीला बघायला निपाणीचे पाहुणे यायचे ठरले. त्या रविवारी तो स्वतःच शांभवीला पारूबाईंच्या दारात सोडून आला. पारूबाईंना केवढा आनंद झाला! त्याला तो बघवेना.

शिवांजली पसंत पडली. चहापाणी झाल्यावर मुलाचे वडील म्हणाले, "चला, जरा रंकाळा दाखवा." आता नाही कसं म्हणायचं?

बागेजवळ पोचतात तोच शांभवी "आप्पा! आप्पा!" करत धावत आली आणि तिनं त्याचा हात धरला.

"ओळखीची हाय काय?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"न्हाय हो. ही पोरं दिसंल त्याला आप्पा म्हणत्यात." रामलिंगनं हात सोडवून घेतला.

मागोमाग आलेल्या पारूबाईंनी ते ऐकलं. एवढंच म्हणाल्या, "चल शांभवी, झोपाळ्यावर तुझी पाळी आलीया."

दिवेलागणीला शांभवी नाचतच घरी आली. आईला, बसम्माला, सांगत सुटली, "आप्पा आलते! मला बघायला!" बसम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. त्याची मान वर होईना.

दोन दिवस त्याला घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं निपाणीला फोन लावला. "ती पोरगी माझीच हाय. मी खोटं बोललो."

पलीकडं मुलाचे वडील होते. ते म्हणाले, "पोरगी तशी हाय म्हणून आमचं काय म्हणणं नव्हतं, पावणं. पण पोटच्या पोरीला न्हाय म्हणणाऱ्याच्या घरात सोयरीक नको."

शिवांजली रडली नाही. महिनाभर बापाशी बोललीही नाही.

पुढच्या रविवारी रामलिंग बागेत गेला आणि पारूबाईंपुढं हात जोडून उभा राहिला. "मला कशाला सांगताय?" त्या म्हणाल्या. "झोपाळ्याला झोका द्यायला माणूस कमी हाय, तिकडं जावा."

तो गेला. पुढं दहा वर्षं जात राहिला. एका टेंपोत सगळ्या मुलांना आणि आयांना बसवून वर्षातून एकदा जोतिबाला नेऊ लागला. शिवांजलीचं लग्न इचलकरंजीत झालं तेव्हा शांभवी मांडवात सगळ्यांच्या पुढं बसली होती. लोक म्हणत, बाप असावा तर असा. कुणी तसं म्हटलं की रामलिंग पाणी प्यायचं निमित्त करून उठून जाई.