गुलाबी चवळी

सीम्बेर अक्पेर कात्सिना-आला नदीच्या अलीकडच्या त्या सरकारी शाळेत आली ती बायबल शिकवायला. दुसऱ्याच वर्षी शेतकीचे मास्तर बदली घेऊन माकुर्डीला गेले आणि प्रिन्सिपलसाहेबांनी त्यांचा हजेरीपट तिच्यापुढे सरकवला.

"बाई, तुमचे वडील यामचे कंद लावतात ना?"

"इथं कुणाचे लावत नाहीत, साहेब?"

"मग झालं तर! महिनाभर सांभाळा. नवा माणूस येतोच आहे."

त्या महिन्याला अकरा वर्षं झाली. नवा माणूस आला नाही. शेतकीच्या खोलीत दांडा नसलेल्या चार कुदळी, चाक गेलेली एक ढकलगाडी आणि एक जुनं पुस्तक होतं. पिकांवरच्या औषधांचं प्रकरण त्यातून कुणीतरी फाडून नेलेलं. तेवढा भाग ती फळ्यावर व्याख्या लिहून उरकायची. मुली त्या पाठ करायच्या आणि परीक्षेत पासही व्हायच्या. औषध मात्र त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं आणि बाईंनीही नाही.

शाळेचं शेत म्हणजे तेव्हा शिक्षेची जागा होती. उशिरा आलीस, जा तण काढ. वर्गात बोललीस, जा तण काढ. सीम्बेरबाई त्यावरून दोन वर्षं भांडली. "उद्या ह्याच मुली म्हणतील, शेती म्हणजे गुन्हेगारांचं काम," असं तिनं भर सभेत सुनावलं तेव्हा उपप्रिन्सिपल त्योहेम्बा सर हसून म्हणाले होते, "बाई, तुमचा आवाज ट्रॅक्टरला लावला तर डिझेल वाचेल." पण शिक्षा बंद झाली. कोठाराच्या किल्ल्या त्योहेम्बा सरांकडे असत. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, कुणी काही मागितलं तर नाही म्हणणं त्यांना जमत नसे.

अकराव्या वर्षी, पेरणीच्या तोंडावर, एक पत्र आलं. शाळांना शेतकीचं साहित्य मिळणार आणि शिक्षकांना माकुर्डीत पाच दिवसांचं प्रशिक्षण. सीम्बेरबाईनं ते पत्र तीनदा वाचलं. सोमवारी पहाटे ती नवी वही घेऊन बसमध्ये बसली.

पहिले दोन दिवस भाषणांत गेले. तिसऱ्या दिवशी बियाणं खात्यातून निवृत्त झालेले एक किडकिडीत गृहस्थ आले. त्यांनी टेबलावर काचेची बरणी ठेवली. आत चवळी होती, पण गडद गुलाबी.

"काय आहे हे?" त्यांनी विचारलं.

"मिठाई!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

म्हातारा हसला नाही. हसणं थांबेपर्यंत तो उभा राहिला. मग म्हणाला, "हे पेरायचं बियाणं. किडीसाठी विष चोळलंय आणि ते ओळखू यावं म्हणून रंग दिलाय. रंग धुतला जातो, विष दाण्यात मुरतं. शिजवून जात नाही, तळून जात नाही. तुमच्या शाळांकडे हीच पोती निघालीत. पोती पोचायच्या आत तुम्ही पोचायला हवं होतं. कार्यक्रम मी आखलेला नाही."

सीम्बेरबाईचा हात वर गेला. "कधी निघाली पोती?"

"सोमवारी."

त्या दिवशी बुधवार होता. मधल्या सुट्टीत तिनं प्रिन्सिपलना फोन लावला, तो बंद. मग त्योहेम्बा सरांना लावला.

"आली की, कालच आली! सहा पोती. कुलपात आहेत."

"सर, त्यातला दाणा कुणी तोंडात घालायचा नाही. विष आहे ते."

पलीकडे वारा घोंघावत होता. "काय? आवाज तुटतोय तुमचा. तुम्ही आरामात या, मी आहे ना!" आणि फोन तुटला. पुन्हा लावला तर लागेना. संध्याकाळी तिनं मेसेज पाठवला. मेसेज गेला की नाही ते कळलं नाही. 'कुलपात आहेत,' असं ती स्वतःला बजावत राहिली. गुरुवारी तिनं बरणीचं चित्र वहीत काढलं, आणि शुक्रवारी प्रमाणपत्र घेताना सगळ्यांबरोबर फोटोलाही उभी राहिली. शुक्रवारची शेवटची बस भरून गेली. ती मिळाली असती तर, हे पुढं तिनं किती वेळा मनात घोळवलं असेल!

शनिवारी दुपारच्या जेवणाच्या जरा आधी ती शाळेच्या फाटकातून आत आली. वाट वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागून जाते. तिथल्या मोरीच्या तोंडाशी दोन कोंबड्या पडल्या होत्या. एक मेलेली होती. दुसरीचा पाय अजून हलत होता. आणि मोरीतलं पाणी गुलाबी होतं.

तिनं पिशवी तिथंच टाकली आणि धावली.

तीन दगडांवर भलंमोठं पातेलं रटरटत होतं. स्वयंपाकीण इवेरेनमावशी पळा घेऊन उभी. "आलात बाई? बघा ना, ही कसली चवळी! चार पाण्यांनी धुतली, तरी रंग सुटतोय मेला!"

"मावशी, हात काढा तिथून. कुणी खाल्लं?"

"अजून घंटा कुठं झालीये?"

"कुणी दिली चवळी?"

"त्योहेम्बा सरांनी. ह्या महिन्याचा शिधा आलाच नाही. पोरी दोन दिवस नुसत्या गारीच्या पिठावर आहेत, पाण्यात कालवून खातायत. सर म्हणाले, कोठारात आहे त्यातलं एक पोतं घे, शिधा आला की भरून टाकू."

सीम्बेरबाईनं फडकं गुंडाळून पातेल्याच्या कडेला हात घातला. एकटीला ते हलेना. "मावशी, धरा. विष आहे ह्यात. पेरायचं बियाणं आहे हे!"

मावशीनं धरलं. दोघींनी मिळून पातेलं आडवं केलं. शिजलेली चवळी राखेत पसरली, निखारे चरचरले. तेवढ्यात घंटा झाली आणि ताटल्या घेऊन मुली दारात येऊन थांबल्या. दोन दिवसांच्या अर्धपोटी मुली, आणि समोर सांडलेलं जेवण. त्या नुसत्या बघत राहिल्या.

प्रिन्सिपलसाहेब आले ते तापलेलेच. "बाई, वेड लागलं का तुम्हाला?"

तिनं रिकाम्या पोत्याची कड उलटी करून धरली. शिवणीच्या आत दुमडलेल्या चिठ्ठीवर कवटीचं चित्र होतं, अंगठ्याच्या नखाएवढं. साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"कुणी चाखलं तर नाही ना?" सीम्बेरबाईनं पुन्हा विचारलं.

इवेरेनमावशीचा चेहरा उतरला. "मीठ बघितलं ना मी. दोनदा."

अर्ध्या तासात मावशीला घाम फुटला, तोंडातून लाळ गळायला लागली. तिला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून दवाखान्यात नेलं. ती वाचली, पण हाताचा कंप राहिला तो राहिलाच.

मावशीची गाडी फाटकाबाहेर गेली तशी सीम्बेरबाई कोठाराकडे वळली. दार उघडं होतं आणि त्योहेम्बा सर आत उभे होते. तिनं पोती मोजली. चार. एक स्वयंपाकघरात रिकामं झालेलं.

"सर, सहा आली म्हणाला होतात."

त्योहेम्बा सर हातातला किल्ल्यांचा जुडगा फिरवू लागले.

"सर?"

"एर्दूला दिलं," ते म्हणाले. एर्दू त्यांची धाकटी बहीण, बाजारात अकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळून विकणारी. "गुरुवारी आली होती. म्हणाली, दादा, चवळी मिळत नाहीये कुठं. मी म्हटलं, एवढी पडलीयेत... मला वाटलं, कीड लागू नये म्हणून काहीतरी लावलंय. सगळेच लावतात, बाई. धुतलं की जातं."

"मी फोनवर सांगितलं होतं."

"मला ऐकूच आलं नाही हो. देवाशपथ, ऐकू आलं नाही."

बाजार दर पाचव्या दिवशी भरतो. त्या शनिवारी बाजार होता.

दोघं भाड्याच्या एकाच मोटारसायकलवरून निघाले. रस्ताभर सर गाडी हाकणाऱ्याच्या खांद्यावर मधूनमधून थाप मारत होते, लवकर म्हणून. सीम्बेरबाईच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती. वड्यांसाठी चवळी भिजवून तिची सालं काढतात. रंग सालाबरोबर जातो. मग वाटलेलं पीठ पांढरंशुभ्र, पामतेलात पडलं की सोनेरी. कुणाला काही कळणार नाही.

एर्दूची जागा रिकामी होती. कढईतलं तेल थंड झालेलं. शेजारची मिरच्यावाली म्हणाली, "आज लवकर संपलं तिचं. माणसं रांग लावून घेत होती. जरा गरगरतंय म्हणून घरी गेली."

"कुणीकुणी घेतले वडे?"

"बाजारच्या दिवशी कुणी घेतले ते कसं सांगू, बाई? नदीपलीकडचेसुद्धा आले होते."

बाजार फुटायला लागला होता. माणसं टोपल्या डोक्यावर घेऊन पाच दिशांना चालली होती, आणि त्यांतल्या कितीकांच्या टोपलीत पोरांसाठी कागदात बांधलेले वडे होते. सीम्बेरबाई एका उलट्या पेटाऱ्यावर चढली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली. बाजारमुखियानं कर्णा आणून दिला. काही थांबले, पुड्या टाकून दिल्या. एक यामवाला म्हातारा मात्र हसत म्हणाला, "पोरी, मी दहा खाल्ले. इतके चांगले वडे वर्षात खाल्ले नव्हते!" आणि पाठीमागे हात बांधून आपल्या वाटेनं गेला.

एर्दू घराच्या उंबऱ्यातच पडलेली सापडली. तळताना ती स्वतः खात बसली होती, सकाळपासून. त्योहेम्बा सरांनी तिला उचललं. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली.

त्या आठवड्यात दवाखान्यात तेवीस माणसं आली. चार दगावली. जी आलीच नाहीत, नदीपलीकडच्या पाड्यांत जी आपापल्या चटईवर राहिली, त्यांचा हिशेब कुणाकडेच नाही. यामवाला म्हातारा पुढच्या बाजाराला दिसला नाही. सीम्बेरबाई त्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या जागेशी उभी होती.

चौकशीला दोन अधिकारी आले. त्योहेम्बा सरांनी सगळं कबूल केलं. त्यांना घरी बसवलं. ते अजूनही बहिणीच्या अंगणात बसून असतात. मग अधिकाऱ्यांनी सीम्बेरबाईपुढे एक कागद ठेवला. माकुर्डीचा हजेरीचा कागद होता तो.

"ही सही तुमचीच ना? म्हणजे ह्या शाळेत प्रशिक्षित शिक्षक होता."

"मी तिकडे शिकत होते तेव्हा पोती इकडे आली होती. तारखा बघा, साहेब."

"तारखा आम्ही बघू. तुम्ही फक्त सही तुमची आहे तेवढं सांगा."

तिनं सांगितलं. अहवालात आलं की साहित्य वेळेवर पोचलं, प्रशिक्षण दिलं गेलं आणि चूक शाळेच्या पातळीवर झाली. कोठाराची किल्ली आता तिच्या गळ्यात आली. उरलेली चार पोती न्यायला गाडी येईल असं अधिकारी सांगून गेले. गाडी आली नाही. कोठारात उंदीर मरून पडू लागले, ते ती चिमट्यानं उचलून लांब टाकायची. रोज सकाळी कुलूप ओढून बघायची, वर्गातून मधेच उठून पुन्हा एकदा बघून यायची.

वर्गात आता ती व्याख्या लिहीत नव्हती. मुलींना रांगेत उभं करून पोत्यातली ती कवटीची चिठ्ठी एकेकीच्या हातात द्यायची. काशिमाना नावाच्या मुलीनं एकदा विचारलं, "बाई, आणि चिठ्ठीच नसली तर?" सीम्बेरबाईनं चिठ्ठी परत घेतली आणि उठून कोठाराचं कुलूप बघायला गेली.

मका गुडघ्याला लागला तेव्हा दुसरं पत्र आलं. फवारणीचे पंप आणि औषधाचे डबे शाळेकडे निघाले आहेत. त्याचं प्रशिक्षण पुढच्या वर्षी. तिनं पत्र घडी करून ठेवलं, वर्ग दुसऱ्या बाईंवर सोपवला आणि रोज सकाळपासून फाट्यावर जाऊन उभी राहू लागली. तिसऱ्या दिवशी भर उन्हात ट्रक आला. तिनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून तो थांबवला.

"काय आहे आत? उघडून दाखव. चिठ्ठ्या वाचल्याशिवाय मी सही करणार नाही."

ड्रायव्हरनं कपाळाचा घाम पुसला. "मला काय माहीत, बाई? मी नुसता पोचवतो." मग त्यानं मागची ताडपत्री वर केली. ट्रक रिकामा होता. "आणि तुमचे डबे उजाडायच्या आतच उतरवले मी, आता परत चाललोय. शाळेत एक पोरगी होती, तिनं सही करून घेतले."