पन्नीतला हात

वणी आणि यवतमाळच्या मधल्या रस्त्यावर धावणारी अशी एकही चारचाकी नसेल, जिच्या बॉनेटवरून आमच्या थोरल्या साडूंचा हात फिरलेला नाही. हात म्हणजे नुसता हात नव्हे, पन्नीतला हात. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, चष्मा ठेवतात. आमचे साडू तिथे पातळ प्लास्टिकची पन्नी घडी करून ठेवतात. गाडी दिसली की पन्नी बाहेर निघते, उजव्या हातावर चढते आणि तो हात बॉनेटवरून असा हळुवार फिरतो, की गाडीच्या मालकालाच लाजल्यासारखं व्हावं. पन्नीतून म्हणे रंगावरचा बारीकातला बारीक कणही बोटांना कळतो. साडू डोळे मिटतात, मान कलती करतात आणि निकाल देतात. निकाल बहुतेक वेळा एकाच शब्दाचा असतो, "खरबरीत."

त्यांची सगळी नोकरी राजूरकडच्या कोळसा खाणीत फिटर म्हणून गेली. कोळशाची धूळ त्यांच्या नाकात, डब्यातल्या पोळीत आणि ताईंनी वाळत घातलेल्या कपड्यांवर वर्षानुवर्षं बसली. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची मोठी बहीण. निवृत्त झाल्यावर साडूंनी गाडी घेतली, तीही पांढरीशुभ्र. ज्याच्या दारावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात, त्यानं पांढरी गाडी घ्यावी म्हणजे मुद्दाम भांडण उकरून काढण्यासारखं आहे. साडूंनी ते उकरलं, आणि आजतागायत ते धुळीशी रोज सकाळी नव्या उमेदीनं भांडतात.

मी जुनी गाडी घेतली तेव्हा ते वणीहून मुद्दाम यवतमाळला आले. मला वाटलं, पेढा खातील, अभिनंदन करतील. त्यांनी पन्नी काढली, बॉनेटवरून हात फिरवला आणि माझ्या घरच्यांसमोर सांगितलं, "मास्तर, हे गाडी नाही, किसणी हाय. याच्यावर खोबरं किसा अन् चटणी करा."

"अहो दादा, सकाळीच धुतली मी," मी म्हणालो.

"धुतल्यानं वरची धूळ जाते. रंगात रुतून बसली थे कायले जाईन? थिच्यासाठी क्ले पाहिजे." आणि त्यांनी पिशवीतून रबरासारखी मऊ, करड्या रंगाची वडी काढली.

पुढचे चार तास मी आयुष्यात विसरणार नाही. गाडी सावलीत हवी, पत्रा गार हवा. आधी साध्या पाण्यानं धुवायची, मग हातभर जागेवर शाम्पूचं पाणी फवारायचं, वडी मळून तळहाताएवढी चपटी करायची आणि त्या पाण्यावरून अलगद सरकवायची. दाबायची नाही, गोल फिरवायची नाही, सरळ रेषेत न्यायची नि आणायची. थोड्या वेळानं वडी उलटी करून दाखवली तर तिच्यावर काळे ठिपकेच ठिपके. "हे पाहा तुमची सकाळची धुलाई," साडू म्हणाले. मग वडीची घडी घालायची, स्वच्छ बाजू वर आणायची आणि पुढची हातभर जागा. सोबत आलेल्या ताई ओट्यावर बसून हे सगळं पाहत होत्या. "घरी कणीक मळून द्या म्हटलं तं यायचा खांदा दुखते," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "अन् थो गोळा पाह्य कसा मळून राह्यले, जसे बाप्पा पाव्हणे जेवाले बसले हायेत."

मध्येच माझ्या हातून वडी खाली पडली. मी उचलायला वाकलो तर साडू ओरडले, "हात नोका लावू! मेली ते." पडलेल्या वडीला मातीचे खडे चिकटतात आणि मग ती रंगच ओरबाडते, म्हणून ती लगेच फेकायची असा त्यांचा कायदा. त्यांनी नवी वडी काढली. मला मात्र एवढी चांगली वस्तू फेकवेना. ते गेल्यावर मी ती हळूच उचलली, नळाखाली धुतली आणि पुढच्या रविवारी एकट्यानंच उजवं दार घासलं. दारावर केसासारखे ओरखडेच ओरखडे उठले. महिन्यानं साडू आले, दारापाशी उन्हात वाकून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "हे काहून झालं?"

"शाळेतली पोरं," मी बेधडक ठोकून दिलं. "खिळा घेऊन ओढतात मेली."

साडूंनी पुन्हा एकदा वाकून पाहिलं. "हुशार पोरं हायेत तुमची," ते म्हणाले. "साऱ्या रेषा सरळ काढल्या." एवढंच बोलून ते जेवायला बसले. जाताना एक कोरी वडी कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्या दिवशी मला जेवढी लाज वाटली, तेवढी मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर झापलं तेव्हाही वाटली नव्हती.

बाभुळगावला एका लग्नात तर त्यांनी कहर केला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि आमचे साडू मांडवात नाहीत. शोधायला गेलो तर बाहेर ओळीनं लावलेल्या गाड्यांवरून त्यांचा पन्नीतला हात फिरत होता आणि मागून एक ड्रायव्हर "ओ काका, काय करून राह्यले?" म्हणत धावत होता. साडू शांतपणे म्हणाले, "तुमच्या साहेबाले सांगजा, गाडी लय खरबरीत हाय. पण माणूस चांगला असन." माणूस चांगला असेल हे त्यांना बॉनेटवरून कसं कळलं, ते मला अजून कळलेलं नाही. तो ड्रायव्हर मात्र पंगतीत त्यांच्या शेजारी बसून क्ले कुठे मिळतो हे विचारत होता.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी आणि बायको वणीला गेलो. दसऱ्याला गाडीची पूजा, आणि पूजेआधी साडू गाडीला क्ले लावतात. तो दिवस त्यांचा. मी घरात शिरलो तर ताईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"भाऊजी, परवा यायनं गॅसवरून चहाचं उकळतं गंज उघड्या हातानं उतरवलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बोटाले फोड आला तवा समजलं. डाक्टर म्हणते, शुगरनं बोटं सुन्न झाले. कोणाले सांगू नोको म्हणून मले दम देल्ला. आज पाहाटपासून त्या गाडीपाशीच हायेत."

बाहेर आलो तर साडू नुकतेच थांबले होते. बनियन भिजलेलं, हातात वडी. त्यांनी खिशातली पन्नी काढली आणि, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ती माझ्यापुढे धरली. "मास्तर, आज तुमी पाहा."

मी हात घातला. बॉनेट काचेसारखं होतं, छप्परही. पण मागच्या दारावर आलो आणि बोटांखाली कण लागले. डिकीवर तर सरळ किसणी. साडू माझ्या तोंडाकडे पाहत होते. शाळेत निकालाच्या दिवशी पोरं बघतात ना, तसे. रंगाचं काय, तो पुन्हा घासता येतो. इथे पणाला लागली होती या माणसाची बोटं, ज्यांच्या भरवशावर तो आजवर साऱ्या जिल्ह्याला निकाल सांगत आला होता.

"एक नंबर, दादा," मी म्हणालो.

ते वडीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "पोरायनं खिळा मारला, तवा म्या काही म्हटलं नाही. पण हे गाडी उद्या पूजेले बसन, मास्तर. खरं सांगा."

मी खाली पाहत सांगितलं, "मागचं दार. आणि डिकी. खरबरीत आहे, दादा."

त्यांनी मान हलवली. मग पन्नीबिन्नी न घालता त्यांनी आपला उघडा हात त्या दारावरून सावकाश फिरवला, एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे, आणि हसायचा प्रयत्न केला.

"मजा पाहा," ते म्हणाले. "जिंदगीभर म्हणत होतो, एखादी तरी गाडी हाताले गुळगुळीत लागावी. आता साऱ्याच लागून राह्यल्या."

मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी त्यांच्या हातातली वडी घेऊन मागच्या दारापाशी खाली बसलो. साडूंनी फवाऱ्याची बाटली उचलली, माझ्या हातापुढे पाणी मारलं आणि दरडावलं, "दाबू नोका. हळू." मी हळू घासत राहिलो, ते पाणी मारत राहिले. प्रत्येक हातभर जागेनंतर ते थांबायचे, वाकायचे आणि मला विचारायचे, "गेलं का?"