माझ्या लेकीने आधी त्यांना सांगितले

कुंदाताई लिमये यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी ज्यांनी माझ्याकडे लेख मागितला, त्यांना बहुधा ठाऊक नसावे की मी आयुष्यभर कुंदाताईंचा मत्सर करत आले आहे. ठाऊक असूनही मागितला असेल, तर संपादकांच्या धाडसाचे कौतुक केले पाहिजे.

आमची ओळख झाली ती कसबा पेठेतल्या एका प्राथमिक शाळेत. दुसरीच्या दोन तुकड्या, एक त्यांची, एक माझी. मध्ये पातळ भिंत. माझ्या वर्गाच्या शिस्तीचे दाखले दिले जात. त्यांच्या वर्गातला मिलिंद मात्र दर तासाला माझ्या दारात उभा. "बाईंनी डस्टर मागितलंय."

"तुमच्या बाई डस्टर खातात का रे?" मी एकदा विचारले. मधल्या सुट्टीत तोच प्रश्न जरा सभ्य शब्दांत कुंदाताईंना केला.

"अहो, माझं डस्टर टेबलावरच असतं," त्या म्हणाल्या. "पण त्याला थोड्या थोड्या वेळानं उठावंच लागतं. उगाच उठला की मुलं हसतात, कामाला उठला की हसत नाहीत. आपल्याला त्रास होतोय का?"

त्रास होत होता, पण डस्टरचा नव्हे. हे मला का सुचले नाही, याचा.

त्या काळी स्वमग्नता, अतिचंचलता हे शब्द आमच्या शाळेपर्यंत पोचलेच नव्हते. आमच्याकडे 'हट्टी' आणि 'वाह्यात' एवढे दोनच शब्द होते. पुढे या मुलांना कसे शिकवावे याचा अभ्यासक्रम आम्ही दोघींनी एकत्रच केला. परीक्षेत मी त्यांच्या पुढे होते, हे इथे मुद्दाम नोंदवते. तरी मुलांच्या आया थांबत त्या कुंदाताईंच्याच वर्गाबाहेर. विश्रांतवाडीहून येणारी जान्हवी प्रार्थनेची घंटा झाली की कान दाबून किंचाळायची. कुंदाताईंनी तिला प्रार्थना संपल्यावर यायची मुभा दिली. संस्थेचे एक पदाधिकारी वर्गात येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाई, नियम सगळ्यांना सारखे हवेत."

"हो ना," कुंदाताई म्हणाल्या. "आपण बसलाय, मी उभी आहे."

जान्हवीची मुभा कायम राहिली. दारातून मी हे ऐकले आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

निवृत्तीनंतर ही तुलना संपेल असे वाटले होते. पण माझी लेक मुग्धा हिच्या मुलीला, माझ्या ओवीला, स्वमग्नता असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मुग्धाने ते आधी कुंदाताईंना सांगितले. मला नंतर कळले. तोवर त्या दर शनिवारी वाघोलीला तिच्या घरी जाऊही लागल्या होत्या.

"मी तुझी आई आहे," मी म्हटले. "शिवाय याच विषयात शिकलेली आहे."

"म्हणूनच नाही सांगितलं," मुग्धा म्हणाली. "तू लगेच तिला शिकवायला बसली असतीस, आई. मला आधी नुसतं रडायचं होतं."

पुढच्या शनिवारी मी न कळवता वाघोलीला गेले. कुंदाताई जमिनीवर बसून मटार सोलत होत्या. ओवीकडे बघतही नव्हत्या. शेंग फुटतानाचा बारीक आवाज ऐकायला ओवी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती. मी हाक मारली की पाठ फिरवणारी माझी नात! त्या क्षणी मला जे वाटले ते गौरवग्रंथात छापण्याजोगे नाही.

कुंदाताईंनी ताट माझ्यापुढे सरकवले. "घ्या. हाक मारू नका, काही विचारूही नका." आणि त्या उठून आत गेल्या.

मी सोलत राहिले. बराच वेळ ओवी जागची हलली नाही. मग थोडी सरकली. आणखी थोडी. शेवटी तिने एक शेंग उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि आपल्या हातांनी माझी मूठ मिटली. तिने आपणहून मला लावलेला तो पहिला हात.

त्यानंतरच्या शनिवारी कुंदाताई आल्याच नाहीत. मी फोन केला. "बरं नाही का आपल्याला?"

"ठणठणीत आहे. पण तिला आता तुमची सवय होतेय. मध्ये मी कशाला?"

ज्या जागेसाठी मी मनातल्या मनात इतकी भांडले, ती त्यांनी अशी सहज मोकळी करून दिली. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानले नाहीत. मानले असते तर त्यांनी विषय बदलला असता.

ओवी आता घराजवळच्या शाळेत पहिलीत आहे. दाराजवळच्या बाकावर बसते, मोजके बोलते, गोंगाट वाढला की बाईंना सांगून बाहेर जाते. काही अडले की तिच्या बाई फोन मला करतात. कुंदाताईंना नाही. याचा मला होणारा आनंद या वयाला शोभणारा नाही, पण होतो.

कुंदाताईंचे गुडघे, डोळे आणि ती तिखट जीभ अशीच शाबूत राहोत. त्यांनी शंभरी गाठावी आणि ती पाहायला मी असावे. मत्सर करावा असे दुसरे माणूस मला जन्मात भेटले नाही, आणि नवे शोधायला आता वेळ उरलेला नाही.