मामांचा डावा गुडघा

गार हवा कापडासारखी गजावर मोजून विकणारा माणूस या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला. मामा मूळचे आष्टीकडचे शेतकरी. जालन्यात येऊन त्यांनी कापडाचं दुमजली दुकान उभं केलं आणि वरच्या मजल्यावर, जिथं लग्नाचे बस्ते बांधले जात, तिथं गच्चीवरच्या खोलीएवढ्या कूलरची हवा पत्र्याच्या डक्टमधून खाली सोडली. उन्हाळ्यात मंठ्यापासून कुंभार पिंपळगावापर्यंतची वऱ्हाडं त्या हवेच्या ओढीनं यायची. पण ती हवा फुकट गेलेली मामांना बघवत नसे. कोणी नुसताच डक्टच्या जाळीखाली उभा दिसला की ते गादीवरून हात जोडून म्हणत, "पाव्हणं, गार झाले असाल तर एखादं धोतर तरी बघून घ्या." घरात स्वतःसाठी पंखासुद्धा ते एकवरच ठेवत. घरच्या माणसांना हवा देऊन काय विकायचं, असा त्यांचा रोकडा हिशेब होता.

मी मोटारी रिवाइंड करता करता वर आलेला माणूस. जिल्ह्यातल्या टॉकीजा, बँका, दवाखाने, मंगल कार्यालयं यांचे कूलर आणि एसी मी सांभाळतो. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. डोकं लवकर तापतं, पण भाव करताना मी तेही कामाला लावतो. अपवाद एकच, मामांकडे बांधलेला माझ्या बहिणीचा बस्ता. त्या दिवशी साड्या निवडेपर्यंत वर महाबळेश्वर होतं. बायका खूश, पोरं झोपलेली. मी बाह्या सरसावून भावाला हात घातला आणि डक्टची घरघर थांबली. मामांनी दुःखी चेहऱ्यानं वर पाहिलं. "फेज गेला बघा. ह्या लाईटवाल्यांना काही धरबंदच न्हाई." ट्यूबलाइट जळत होत्या, गेला तो नेमका मशीनचा फेज. वर तापलेलं छत, खिडक्या बंद, आणि तशात मामांनी सगळ्यांना उकळता चहा पाजला. आमची आत्या साडीच्या खोक्यानं वारा घेत म्हणाली, "आटप की रे बाबा. त्यांचं त्यांना देऊन टाक, जीव चाललाय." माझीच माणसं माझ्यावर उलटली. मी मान तुकवली, गठ्ठा बांधला गेला, आणि शेवटची गाठ बसताच घरघर सुरू. "आला बघा!" मामा म्हणाले. गावाकडे भावकीनं पुढची कित्येक वर्षं मला ऐकवलं, "हवा गार खाऊन आला अन् भाव गरम घेऊन आला." हे बोलणं मला भाकरीबरोबर गिळावं लागलं.

काही वर्षांनी मामांचा मिस्त्री काम सोडून गेला आणि जावई स्वस्तात पडेल या आशेनं त्यांनी मला बोलावलं. मी कूलरला बसवायचं गवत दाखवायला नेलं, तर मामा ते रेशमासारखं चिमटीत चोळून, उजेडात धरून, तोंड वाकडं करून म्हणाले, "दुसरं दाखवा." गिऱ्हाइकांनी त्यांना जन्मभर जे केलं होतं, त्याचा वचपा ते माझ्या गवतावर काढत. तिसऱ्या गठ्ठ्यानंतर पहिलाच पसंत करत आणि वर म्हणत, "जावईबापू, आपल्यात काय भाव करायचा? निम्मे द्यायचे." त्या पहिल्याच दिवशी मशीनपासून निघालेली एक बारीक तार मला दिसली. ती बोर्डाकडे जायचं सोडून भिंतीच्या कडेनं खाली उतरली होती. मी तिच्यामागं गेलो. ती गादीखाली शिरून एका बटणापाशी संपत होती, आणि ते बटण बराबर मामांच्या डाव्या गुडघ्याखाली येत होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण गादी मी होती तशी पसरून ठेवली. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. दर उन्हाळ्याला मी ती तार नीट पुसून, तिचे जोड घट्ट करून, तशीच ठेवत राहिलो. इतकी काळजी मी बँकेच्या एसीचीही घेतली नसेल.

मुलीचं लग्न ठरलं. बस्त्याच्या आधी रीतसर सर्व्हिसिंग केली, तार सोडवली आणि मामांच्या डोक्यावरच्या जाळीच्या पट्ट्या मिटवून त्यांच्यापुरती हवा बंद केली. मंग तीच भावकी घेऊन मी वर जाऊन बसलो. साड्या झाल्या, शालू झाला. मी म्हणालो, "मामा, भाव बोला. आम्हाला बिलकुल घाई न्हाई." मामांचा गुडघा हलला. घरघर चालूच. पुन्हा हलला. आमच्या बाजूला गारवा वाहत होता, आत्यानं पदर लपेटून घेतला होता. मामांच्या कपाळावरून थेंब ओघळला. गुडघा आता शिवणयंत्रासारखा चालला होता. आत्या कळवळून म्हणाली, "गुडघा दुखून राह्यला का हो? जावयाला दाबून द्यायला सांगा." मी खाली आवाज दिला, "मामांसाठी चहा पाठवा, जल्दी. चांगला उकळून." चहा आला. मामांना तो सगळ्यांदेखत प्यावा लागला. अर्धा पेला संपला तेव्हा ते भावात एक पायरी उतरले, पेला संपला तेव्हा मी म्हणेन तिथं येऊन टेकले. भावकी माझ्याकडे अशी बघत होती की मला मुंडासं बांधावंसं वाटलं. गाठ बसल्यावर मामांनी टोपी काढून डोकं पुसलं, वरच्या मिटलेल्या जाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जावईबापू," ते म्हणाले, "सर्व्हिसिंग चांगली केली तुम्ही." आणि शालूवर स्वतःच्या हातानं नारळ ठेवला.

आता दुकान मामांच्या मुलांकडे आहे. कूलर जाऊन एसी आले, भिंतीवर 'एकच भाव' अशी पाटी लागली. कोणी घासाघीस करत नाही. मुलांनी मामांची गादी मात्र कोपऱ्यात तशीच ठेवली आहे. परवा सर्व्हिसिंगला गेलो तर भर उन्हाळ्यात ते तिथं शाल पांघरून, कानाला मफलर गुंडाळून बसले होते. "लई गार लागून राह्यलं," ते हळूच म्हणाले. "पोरांना सांगितलं, तर म्हणतात सगळ्यांना सारखंच असतं." मी शिडी लावली, वर चढलो आणि त्यांच्या डोक्यावरच्या जाळीच्या पट्ट्या एकेक करून मिटवू लागलो. ते खालून बघत होते. शालीखाली डावा गुडघा जरासा हलला.

"ह्या वेळी कोणाचा बस्ता हाय?"

मी खाली पाहिलं नाही. शेवटची पट्टी मिटवायला मला जरा वेळच लागला.