कडी बाजूला वळवायची

विमलवहिनी बाईमाणसाच्या तोंडाकडे आधी बघायच्या नाहीत, गळ्याकडे बघायच्या. मी लग्न होऊन दिल्लीच्या छावणीत आले, तेव्हा नळावर त्यांची पहिली भेट झाली. मला हिंदी येत नव्हती आणि मराठी बोलायचीही लाज वाटायची, म्हणून कळशी धरून सगळ्यांच्या मागे उभी होते. त्या वळल्या, माझ्या गळ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मंगळसूत्र दोऱ्यातलं दिसतंय. किती दिवस टिकायचं ते? दुपारी ये, तारेत करून देते." नाव त्यांनी नंतर विचारलं.

त्यांचे यजमान बबनभावजी फौजेत हवालदार होते. आमचे हे तिथल्याच एका डेपोत कारकून. दोन्ही घरांत एकच भिंत. वहिनींना मूलबाळ नव्हतं. घरकाम उरकलं की त्या तार घेऊन बसायच्या. कानातले, अंगठ्या, बाजूबंद, सगळं हातानं करायच्या. उन्हाळ्यात भंगारवाला सायकलवरून ओरडत थेट त्यांच्या दारात यायचा, "भाभीजी, पंखा जला है, तार ले लो!" जळालेल्या पंख्यातली ती तांब्याची तार वहिनी पॉलिश कागदानं घासायच्या आणि वरचा काळा थर गेला की आतून लालसर तांबं चमकायचं. मंगळसूत्राला मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे सोन्याची तार, नाहीतर सदर बाजारातली सोन्याचं पाणी दिलेली.

नवा नमुना सुचला की आधी साध्या लोखंडी तारेचा करून खिडकीच्या गजाला टांगायच्या. कारल्याचा वेल, जिलबीचे वेढे, एकदा तर सायकलची चेन बघून केलेला नमुना. "रोज सकाळी बघायचं," त्या म्हणायच्या. "आपल्यालाच बघून कंटाळा आला, तर ती बाई जन्मभर गळ्यात कसं घालंल?" बबनभावजी चिडवायचे, "चोर आला तरी रिकामा जाईल. आमच्या खिडकीत दागिना कुठला आणि गज कुठला, त्याला कळायचं नाही." वहिनी म्हणायच्या, "तुम्हाला तरी कळतं का?"

माझं मंगळसूत्र त्यांनी माझ्यासमोर केलं. गोल तोंडाची बारीक पक्कड, तिच्यावर तारेचा वेढा, त्यात मणी, पुढे दुसरा वेढा. "दोरा एका जागी गेला की सगळे मणी घरभर. तारेत तसं नाही. हरेक मण्याची कडी वेगळी. सुटली तर एकच सुटते, बाकीचे जागेवर राहतात." मी एक कडी नखानं फाकवायला गेले, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "ओढू नकोस! कडी बाजूला वळवायची, दार उघडल्यासारखी. ओढली की तिचा गोल जातो, मग ती कधीच नीट मिटत नाही." आणि तारेला सारखं वाकवलं-सरळ केलं की म्हणायच्या, "बघ, चिडली. चिडली की संपली." तुटली असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. मंगळसूत्राबद्दल तर आपल्यात तो शब्द कोणीच काढत नाही, वाढलं म्हणतात. फौजींच्या बायका त्या बाबतीत फार हळव्या.

मग लढाई सुरू झाली. बबनभावजींची पलटण गेली. आमचे हे डेपोतच राहिले. खिडक्यांना काळे कागद लागले, वहिनींचे नमुने त्या कागदांमागे गेले. थंडीचे दिवस होते. वहिनी अंगणात उन्हात खाट टाकून बसायच्या आणि छावणीभरच्या बायका येऊन म्हणायच्या, "वहिनी, माझं तेवढं तारेत करा. वाढायला नको आता." कोणाचा नवरा कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. वहिनी प्रत्येकीची कडी न् कडी दोनदा दाबून बघायच्या. मी मणी निवडून द्यायला बसायचे. एकदा मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला भीती नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "वाटते म्हणून तर हात चालू ठेवलेत."

एका दुपारी पलटणीच्या ऑफिसातून दोघे जण आले. वहिनींच्या मांडीवर कोणा नव्या पोरीचं मंगळसूत्र अर्धं झालेलं होतं. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. वहिनी उठल्या, ते मंगळसूत्र सांभाळून मण्यांच्या ताटात ठेवलं आणि मगच खाली बसल्या.

छावणीतली मोठी बाई म्हणजे सुभेदारीणबाई. जे करायचं ते त्यांनीच करायला घेतलं. कुंकू पुसलं, बांगड्या वाढवल्या. मग गळ्यातल्याला हात घातला आणि ओढलं. ते निघेना. पुन्हा ओढलं. वहिनींची मान पुढे आली, गळ्यावर लाल वळ उठला, पण एक कडी सुटली नाही. बायका रडायच्या थांबल्या. वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "बाई, ते ओढून नाही निघायचं. मी केलंय ते. सुमन, पक्कड दे गं माझी."

मी पक्कड दिली. त्यांनी मानेमागे हात नेले, बोटांनी चाचपून एक कडी धरली आणि बाजूला वळवली. मंगळसूत्र ओंजळीत उतरलं. आणि मग, सवयीनं असेल, त्यांनी ती कडी पुन्हा मिटवली.

जाताना सुभेदारीणबाईंनी ताटातलं ते अर्धं मंगळसूत्र रुमालात बांधून नेलं. "आता हिचा हात नको लागायला," एवढंच म्हणाल्या. वहिनींनी ऐकलं.

त्यानंतर अंगणातल्या खाटेवर कोणी आलं नाही. लढाई संपली, काळे कागद निघाले, तरी नाही. कानातलेसुद्धा कोणी मागेना. वहिनी नळावर गेल्या की बायका पदर गळ्यावर ओढून घ्यायच्या. मला राग यायचा. वहिनी म्हणायच्या, "त्यांना कशाला नावं ठेवतेस? त्यांची माणसं अजून तिकडंच आहेत. भ्यायलेलं माणूस काय करणार?"

पुढे माझ्या लहान्यानं माझ्या गळ्यातलं ओढलं आणि एक कडी ढिली झाली. मी तशीच वहिनींकडे गेले. मंगळसूत्र त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी हात पुढे केला आणि परत मांडीवर ठेवला.

"नवऱ्याला विचारून आलीस?"

"हो. म्हणाले, तुझ्या गळ्यातलं आहे, मला काय विचारतेस."

"देवमाणूस आहे," त्या म्हणाल्या. "पण माझा हात नको, सुमन. उद्या काही झालं तर मला जगता यायचं नाही. पक्कड घे. मी सांगते तसं कर."

त्या हात मांडीवर दाबून बसल्या आणि तोंडानं सांगत राहिल्या. "बाजूला. अजून थोडी. आता मणी घाल. मिटव. दाबून बघ." त्यांची बोटं मांडीवर आपोआप वळत होती. कडी मिटली. त्या म्हणाल्या, "जमलं की तुला," आणि तोंड फिरवलं. बातमी आली त्या दिवशीही मी त्यांना इतकं रडताना पाहिलं नव्हतं.

घर रिकामं करायची वेळ आली, तेव्हा त्यांचा दीर न्यायला आला. खिडकीतले नमुने वहिनींनी सोडवून भंगारवाल्याला दिले. स्टेशनावर माझ्या गळ्याकडे बघितलं, मग तोंडाकडे. पुढे छावणीतल्या कोणाकडून तरी कळलं, की गावी गेल्यावर त्यांनी तारेला हात लावला नाही आणि फार वर्षं काढलीही नाहीत.

मागच्या हिवाळ्यात हे गेले. गुरुग्रामला, मुलाच्या घरीच डोळे मिटले. बायका जमल्या, जाऊबाईंचा हात माझ्या गळ्याकडे आला. मी जन्मात कोणाला अडवलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "थांबा." कडी बाजूला वळवली, काढलं, परत मिटवली.

काही आठवड्यांनी सून ऑफिसातून आली आणि बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं आपलं मंगळसूत्र माझ्या मांडीवर टाकलं. "आई, हे निघालं यार परत. जरा ठीक करून द्या ना, उद्या घालायचंय."

ती दिल्लीत वाढलेली. तिला यातलं काही माहीत नाही. माझे हात मांडीवरच राहिले.

"काय झालं आई? चष्मा आणू का?"

"आण," मी म्हटलं.

ती चष्मा घेऊन आली, तोवर मी ते हातात घेतलं होतं.