धुरी दिलेलं दुपटं

माझी मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं नाजूक आहेत, छातीत घरघर होईल, धुरापासून जपा. आमच्या घरात अंघोळ झाली की बाळाला ओवा आणि लसणाच्या सालींची धुरी द्यायची पद्धत. मी सासूबाईंना तोंडावर सांगितलं, धुरी बंद. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाळाला धुरी दिली नाही.

तरी घरघर थांबेना. मी उदबत्ती बंद केली, आमच्या नाहूरच्या घराची रस्त्याकडची खिडकी लावून घेतली, खाली कचरा जाळणाऱ्या वॉचमनशी भांडले. सारखी उठून तिच्या पाठीला कान लावायचे. एका सकाळी तिला छातीशी धरलं, तर दुपट्यालाच धुराचा वास. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बाळाला कुठे दिली गं? कपड्यांना दिली."

माझं डोकंच फिरलं. सगळे कपडे पुन्हा धुतले, धुरीची शेगडी माळ्यावर टाकली.

आता ती शाळेत जाते. घरघर क्वचितच होते. पण माझ्याजवळ आली की आधी पाठ फिरवते, फ्रॉक वर करते आणि माझा कान टेकेपर्यंत हलत नाही. आई अशीच जवळ घेते, असं तिला वाटतं.